डाव्या हातातली अंगठी

दिवाळीच्या खरेदीसाठी भाच्याला घेऊन पुण्यात डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये गेले होते. दोन्ही बाजूंना टांगलेले कपडे चालताना खांद्याला घासत होते, मोबाइलच्या कव्हरांचा रबरी वास आणि कुठूनतरी येणारा तळणीचा वास एकमेकांत मिसळला होता. भाचा मात्र इकडेतिकडे न बघता सरळ एका स्टॉलपाशी जाऊन उभा राहिला. काळा टी-शर्ट. छातीभर पांढरी कवटी, डोळ्यांच्या खोबणी तिरप्या, आणि दात लांबच लांब, पार पोटापर्यंत उतरलेले. "हा लगेच जातो ताई," स्टॉलवाला म्हणाला, "भरतीची तयारी करणारी पोरं तर दोन-दोन नेतात." भरती म्हणजे पोलीस भरती. मी भाच्याला विचारलं, "कोण रे हा?" "पनिशर. वाईट लोकांना मारतो." "मारतो म्हणजे पकडून देतो?" "नाही गं मावशी, मारतो म्हणजे मारतोच. संपवतो." "आणि वाईट कोण ते कोण ठरवतं?" त्याने टी-शर्ट अंगाला लावून बघत, मान वर न करता उत्तर दिलं, "तोच."

टी-शर्ट घेतला. त्याला तो शोभतही होता. पण तो 'तोच' माझ्या मागे लागला तो लागलाच. इतकं सरळ उत्तर, जराही न अडखळता आलेलं. वर्गातल्या मुलांना दमदाटी करणाऱ्या एका दांडगटाबद्दल हाच मुलगा तावातावाने बोलतो, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी घरून पोळी नेतो. त्याच्या मनात क्रूरपणा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग त्याला त्या कवटीत नक्की काय दिसतं?

कवटी माझ्या पिढीला नवी नाही. सांगलीला आजोळी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत मामाने जपून ठेवलेली इंद्रजाल कॉमिक्स होती. मे महिन्याच्या दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही मावस-मामेभावंडं ती ट्रंक उघडायचो. झाकणाची कडी वाजू नये म्हणून एकाने ती धरून ठेवायची. पिवळी पडलेली पानं, त्यांना येणारा कसरीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास, पोटाखाली गार शहाबादी फरशी आणि समोर देंकालीच्या जंगलातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. त्याच्या उजव्या हातातल्या अंगठीवर कवटी. ठोसा बसला की दुष्टाच्या जबड्यावर तिचा ठसा उमटायचा आणि जन्मात जायचा नाही. आम्ही बॉलपेनने बोटाच्या पेरावर कवटी काढायचो, जिभेने ओली करायचो आणि एकमेकांच्या गालावर दाबायचो. धाकट्या मामेभावाचे दोन्ही गाल निळे झाले की तो रडत आजीकडे जायचा, आणि सगळ्यांनाच धपाटे बसायचे.

वेताळाच्या डाव्या हातातही एक अंगठी होती. तिच्यावर वेगळी खूण, अभयाची. ती ज्याला मिळाली त्याच्या केसालाही जंगलात कुणी धक्का लावायचं नाही. डॉक्टर अ‍ॅक्सेलचा दवाखाना त्या घनदाट जंगलात निर्धास्त चालायचा तो या खुणेच्या भरवशावर. उजव्या अंगठीसाठी आमची भांडणं व्हायची. डावी कधीच कुणी मागितली नाही.

त्या चित्रकथांमधलं बाकीचंही आता दिसतं. १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू झालेली ती मालिका. एक गोरा माणूस, त्याचा बाप, त्याचा आजा, असे चारशे वर्षं परक्या जंगलात न्याय करताहेत, आणि तिथली काळी माणसं त्यांना अमर समजून दबून आहेत. साम्राज्यं भरात असतानाच्या काळाची ती कल्पना. लहानपणी हे डोळ्यांत भरलं नाही. आज भरतं, खुपतं, आणि तरीही त्या ट्रंकेची कडी आठवली की जीव हरखतो. यातलं एक खरं ठरवण्यासाठी दुसरं पुसून टाकावं, असं मला वाटत नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी पनिशरबद्दल वाचत बसले. फेब्रुवारी १९७४ च्या स्पायडरमॅनच्या १२९ व्या अंकात तो पहिल्यांदा आला. लेखक गेरी कॉनवे. त्यांच्या मनात छातीच्या एका बाजूला छोटीशी कवटी होती. चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती वाढवून अख्ख्या छातीवर पसरली आणि तिचे दात खाली ओढून कमरेच्या काडतुसांच्या पट्ट्यात मिसळून टाकले. भाच्याच्या टी-शर्टवर पोटापर्यंत उतरलेले ते दात म्हणजे मुळात काडतुसं. माणसाच्या हाडांचा शेवट गोळ्यांत होतो, असं ते चित्र सांगतं. ते काढणाऱ्याला नेमकं हेच सांगायचं होतं का, कोण जाणे, पण ते बघितल्यावर नजर हटत नाही. त्याची पूर्वकथा नंतर सांगितली गेली: व्हिएतनामहून परतलेला सैनिक, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बायकोमुलांसोबत सहलीला गेलेला, गुंडांनी केलेला एक खून त्या कुटुंबाच्या नजरेस पडला आणि साक्षीदार नकोत म्हणून सगळ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो एकटा वाचला. पुढचं सगळं आयुष्य त्या एका दुपारीतून निघालेलं. या दुःखाला मी नाव ठेवू शकत नाही.

पण त्या १२९ व्या अंकात तो आलाय कशासाठी? स्पायडरमॅनला ठार मारायला. स्पायडरमॅन खुनी आहे अशी त्याची खात्री पटलेली, जॅकल नावाच्या खलनायकाने त्याला तसं भरवलेलं. मुखपृष्ठावर त्याच्या बंदुकीच्या नेमात स्पायडरमॅन आहे.

म्हणजे जगासमोर आला त्याच दिवशी 'वाईट कोण' हे ठरवताना तो चुकला होता.

यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. तो चुकतोय हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं, कारण मुलाने आधीचे अंक वाचले होते, आधीची चौकट पाहिली होती. चित्रकथेची सगळी जादू तिथे आहे. चोर तिजोरी फोडताना आपल्याला दिसतो, खुनी सुरी पुसताना दिसतो, आणि पान उलटलं की नायकाचा ठोसा बसतो. आपल्या मनात शंकेला जागाच नसते. नायकाला अधिकार कुणी दिला, पुरावा काय, हे प्रश्न आपण विचारत नाही, कारण पुरावा आपण स्वतःच असतो. ठोशाचं समाधान त्या आधीच्या चौकटीतून येतं. खऱ्या आयुष्यात ती चौकट नसते. तिथे एक प्रेत असतं, चार वेगवेगळ्या गोष्टी सांगणारी चार माणसं असतात, भ्यालेले शेजारी असतात आणि घाईला आलेली गर्दी असते. ती हरवलेली चौकट पुन्हा मांडायची म्हणून पंचनामा, जबाब, उलटतपासणी. कंटाळवाणं काम आहे, आणि त्याचा टी-शर्ट निघत नाही.

भाच्याला जे हवंय ते मात्र मला कळतं. दुबळ्याच्या बाजूने कुणीतरी धावून यावं, इतकंच. सुपरमॅनची सुरुवातच तिथून झाली. क्लीव्हलंडमधली दोन ज्यू मुलं, जेरी सीगल आणि जो शस्टर, परदेशातून आलेल्या आईबापांची. जेरीच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान. १९३२ साली तिथे चोर शिरले आणि त्या झटापटीच्या धक्क्याने ते गेले. मंदीचे दिवस, खिसे रिकामे, पोरींनी ढुंकून न बघावं असे दोन चष्मेवाले पोरगे. त्यांनी रचलेला माणूस जून १९३८ च्या अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात अवतरला. मुखपृष्ठावर त्याने एक हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटली आहे, आणि डाव्या कोपऱ्यात एक माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून आपल्याच दिशेने पळत सुटला आहे. त्या माणसाचे डोळे एकदा बघाच. आत पहिल्याच गोष्टीत सुपरमॅन एका निरपराध बाईची फाशी टाळायला मध्यरात्री गव्हर्नरच्या घराचं दार उचकटतो. मग बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो. मग पैसे चारून राजकारणी फिरवणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. पुढच्या एका अंकात तो खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवतो, म्हणजे मजूर रोज काय सोसतात ते त्याला कळावं. परग्रहावरचे राक्षस वगैरे नंतर आले. आधी होते ते घरमालक, खाणमालक, पुढारी. ज्यांच्यापुढे सामान्य माणसाचं काही चालत नाही, ती माणसं.

ही वरच्याकडे उगारलेली मूठ होती. गेटवर उभ्या असलेल्या माणसाचं, रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाचं ते स्वप्न. फाशीच्या दारातून त्या बाईला सोडवताना सुपरमॅनसुद्धा गव्हर्नरसमोर खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब ठेवतो आणि निर्णय त्याच्यावर सोडतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एवढी ताकद असलेला माणूस कागद घेऊन आला होता.

स्वप्न तेच राहतं आणि ते पाहणारा बदलतो, तेव्हा काय होतं? इराकच्या युद्धात अमेरिकी सैनिकांनी पनिशरची कवटी आपल्या गाड्यांवर, चिलखतांवर रंगवली. तिथून ती अमेरिकेतल्या पोलिसांकडे आली. २०१७ साली केंटकी राज्यातल्या कॅटलेट्सबर्ग नावाच्या छोट्या गावात पोलिसांनी आपल्या गस्तीच्या गाड्यांवर ती चिकटवली आणि लोकांनी ओरड केल्यावर उतरवली. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या संसदभवनावर चालून गेलेल्या जमावातही ती छातीछातीवर होती. कॉनवे यांना हे सहन झालं नाही. आपलं पात्र म्हणजे न्यायव्यवस्था कोसळल्याची खूण, ती कायद्याच्या रक्षकाने कशी मिरवायची, असं ते जाहीरपणे सांगत राहिले. २०२० साली त्यांनी त्याच कवटीचे नवे टी-शर्ट काढून त्यांचे पैसे कृष्णवर्णीयांच्या चळवळीला द्यायला सुरुवात केली. त्याआधी, २०१९ च्या एका अंकात, दोन पोलीस पनिशरला ओळखतात, त्याच्याबरोबर फोटो काढू बघतात, गाडीवरचा कवटीचा स्टिकर कौतुकाने दाखवतात. तो स्टिकर ओरबाडून काढतो, फाडतो, आणि त्यांना सांगतो की तुम्ही लोकांना मदत करायची शपथ घेतली आहे, मी ती केव्हाच टाकून दिली, आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे जा. इतके खून करणाऱ्या पात्राच्या तोंडून ही समज ऐकताना मला भरून आलं.

आपल्याकडे त्या कवटीची गरजसुद्धा लागलेली नाही. ६ डिसेंबर २०१९ ची सकाळ आठवते. हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य मुलीवर बलात्कार करून तिला जाळलं होतं. चारही आरोपी पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, अशी बातमी आली. ऑफिसात कुणीतरी पेढे आणले. टीव्हीवर पुलावरून लोक पोलिसांवर फुलं टाकताना दिसत होते. रोज रात्री उशिराच्या बसने एकटी घरी जाणारी आमची एक सहकारी हळूच म्हणाली, "आज जरा झोप लागेल." तिच्या त्या वाक्याला मी आजही हलकं लेखत नाही. त्यात वर्षानुवर्षांची भीती होती, अंधाऱ्या स्टॉपवर मुठीत घट्ट धरलेली किल्ली होती. पेढा माझ्याही हातात होता, आणि घशाशी काहीतरी अडकत होतं. त्या चौघांनी ते केलंच होतं का, हे त्या सकाळी आपल्यापैकी कुणी पाहिलं होतं? आधीची चौकट कुणाकडे होती?

सर्वोच्च न्यायालयाने आयोग नेमला. अध्यक्ष आपल्या विदर्भातले, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. साक्षी, वैद्यकीय अहवाल, घटनास्थळाची पाहणी असं सगळं करत त्यांचा अहवाल मे २०२२ मध्ये उघड झाला. आरोपींना ठार मारायच्या हेतूनेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, असा आयोगाचा निष्कर्ष. चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असाही. दहा पोलिसांवर खटला चालवावा अशी शिफारस झाली आणि प्रकरण तेलंगण उच्च न्यायालयाकडे गेलं. त्या दिवशी पेढे वाटण्यासारखं काही नव्हतं, आणि ऑफिसात कुणी त्या विषयावर बोललंही नाही. त्या मुलीचा गुन्हेगार कोण, हे पुराव्यानिशी, उलटतपासणीनिशी आता कधीच सिद्ध होणार नाही. ज्या न्यायाच्या नावाने गोळ्या सुटल्या, तोच तिच्या वाट्याचा न्याय त्या पहाटे शेतात संपला, असं मला वाटतं.

लोक अधीर का होतात हे मला कुणी समजावून सांगायला नको. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य ऐकतच आम्ही वाढलो. आमच्या घरात वाटणीचा एक दावा आजोबांच्या हयातीत सुरू झाला. त्यांच्या मागे तो बाबांकडे आला, आणि त्या तारखांसाठी बाबांनी घातलेली इस्त्रीची पांढरी पँट मला अजून डोळ्यांसमोर दिसते. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल एका कार्यक्रमात बोलले, की कायद्याची पर्वा न करता झटपट न्याय देणारा 'सिंघम'सारखा पोलीस पडद्यावर दाखवणं धोक्याचं आहे. आपल्या सिनेमात न्यायाधीश म्हणजे मवाळ, भित्रा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला, वाईट कपडे घातलेला माणूस असतो, हेही त्यांनी सांगितलं. मला ते फार पटलं. ज्या माणसाकडे ती हरवलेली चौकट शोधायची जबाबदारी आहे, त्याला आपण गोष्टीतला सगळ्यात कंटाळवाणा माणूस करून टाकलं. कोर्टं वेगाने चालावीत, न्यायाधीशांच्या जागा भराव्यात, साक्षीदाराला संरक्षण मिळावं, यासाठी पुलावर उभं राहून कुणी फुलं टाकल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि याची मला चीड येते.

स्टॉलवाल्याने सांगितलेली ती भरतीची पोरंही डोक्यातून जात नाहीत. पहाटे पाचला मैदानावर धावणारी, गोळाफेकीचा सराव करणारी, खेड्यातून आलेली, चार-चार जण एका खोलीत राहणारी. त्यांच्या घरावर कधीतरी कुणीतरी अन्याय केलेला असणार, तालुक्याच्या ठाण्यात बापाला बाकावर ताटकळत ठेवलेलं असणार. ती कवटी त्यांनी वरच्याकडे बघतच अंगावर घातली असेल. पण भरती झाल्यावर हातात काठी येते, कमरेला पिस्तूल येतं, आणि समोर बाकावर बसलेला माणूस आता दुसऱ्या कुणाचा तरी बाप असतो. वेताळ तोंडावर बुरखा घालतो, पोलीस छातीवर नावाची पट्टी लावतो, शिपायाला बक्कल नंबर असतो. ताकद दिली आहे, पण ती कुणी वापरली ते आम्हाला वाचता आलं पाहिजे, असं ती पट्टी बजावते. कवटीला नाव नसतं. आणि महाराष्ट्र पोलिसांचं स्वतःचं एक चिन्ह आहे, रोज गाड्यांवर, चौकीच्या पाटीवर दिसतं म्हणून आपण ते बघत नाही. पाच टोकांची चांदणी आणि तिच्यात उघडा, उचललेला तळहात. अभयाचा हात. घाबरू नकोस, असं सांगणारा. वेताळाची डावी अंगठी आपल्या चौकीच्या पाटीवरच आहे. ती छापलेला टी-शर्ट एखाद्या पोराला पैसे देऊन घ्यावासा वाटेल, असं आपल्या गोष्टींनी कधी केलं नाही.

भाच्याला मी उपदेश केला नाही. त्याला १२९ व्या अंकाची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "पण नंतर कळतं ना त्याला, की स्पायडी चांगला आहे?" कळतं, म्हटलं. स्पायडरमॅन तोपर्यंत जिवंत राहिला म्हणून कळतं. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, की सुपरमॅन ज्यांनी काढला ते मग खूप श्रीमंत झाले असतील ना?

नाही झाले. सुपरमॅनचे हक्क त्यांनी एकशे तीस डॉलरला विकले होते. १९४७ साली ते कोर्टात गेले, शेवटी तडजोडीत हक्क सोडावे लागले आणि अंकावरून त्यांची नावंही निघाली. १९७५ पर्यंत शस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि सीगल कारकुनी करून दिवस काढत होते. मोठा सिनेमा निघणार, त्यात कोट्यवधी डॉलर ओतले जाणार, हे वाचून सीगल यांनी एक लांबलचक, जळजळीत पत्रक लिहिलं आणि वर्तमानपत्रांना पाठवलं. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी ते प्रकरण उचलून धरलं. फोन, मुलाखती, व्यंगचित्रकारांच्या संघटनेचा पाठिंबा, कंपनीशी वाटाघाटी, पुन्हा फोन. रॉबिन्सन यांना पैशांइतकाच नावांचा आग्रह होता, आणि कंपनी त्यावर अडून बसली होती. डिसेंबर १९७५ मध्ये करार झाला: दोघांना प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलर, औषधपाण्याचा खर्च, आणि सुपरमॅन जिथे जिथे छापला जाईल तिथे निर्माते म्हणून जेरी सीगल आणि जो शस्टर ही दोन नावं. भाच्याने त्याच्याकडचा एक अंक कपाटातून काढला आणि पहिल्या पानावरची बारीक अक्षरं शोधून, बोट ठेवून मला वाचून दाखवली.